झाकलेली आज्ञावली : दुर्बोधीकरणाचे तंत्र आणि त्याच्या मर्यादा

नाशिक जिल्ह्यातील लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव आटोपला, की शेतकऱ्याच्या हाती हिशेबपट्टी पडते. वजन, भाव, हमाली, तोलाई आणि शेवटी हाती येणारी रक्कम, असा तिचा क्रम असतो. पूर्वी ही पट्टी मुनीम हाताने लिहीत. आता ती बहुधा संगणकातून छापून येते. ज्या काट्यावर माल तोलला जातो, त्याची पडताळणी करून वैधमापनशास्त्र विभाग त्यावर मुद्रा उमटवतो. त्या वजनाचे पैशांत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीवर मात्र अशी कोणतीही मुद्रा नसते. ती आज्ञावली कोणाला वाचता यावी आणि कोणाला वाचता येऊ नये, हा प्रश्न वरकरणी संगणकतज्ज्ञांपुरता वाटतो. प्रत्यक्षात तिच्या एका बाजूला ती लिहिणाऱ्याची उपजीविका असते आणि दुसऱ्या बाजूला तिच्यावर विसंबणाऱ्याचा पैसा.

या प्रश्नाच्या मुळाशी एक तांत्रिक वस्तुस्थिती आहे. 'सी'सारख्या भाषेत लिहिलेली आज्ञावली कंपायलरमधून जाऊन यंत्रभाषेत उतरते आणि ग्राहकाकडे पोहोचते ती ही यंत्रभाषा. जावास्क्रिप्ट, पीएचपी, पायथॉन या भाषांतील आज्ञावलीला 'स्क्रिप्ट' म्हणतात. ती ग्राहकाच्या किंवा सर्व्हरच्या संगणकावर ज्या रूपात लिहिली, जवळजवळ त्याच रूपात जाते आणि तेथेच उलगडली जाते. १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्टची पहिली आवृत्ती अवघ्या दहा दिवसांत उभी केली, तेव्हा ती संकेतस्थळांना थोडी हालचाल देणारी दुय्यम भाषा मानली जात होती. पान उघडायचे, 'व्ह्यू सोर्स' म्हणायचे आणि दुसऱ्याने लिहिलेली स्क्रिप्ट वाचत शिकायचे, अशी एक संपूर्ण पिढी त्यातून घडली. पुढे त्याच भाषेत हिशेबाच्या, आरक्षणाच्या आणि बँकिंगच्या प्रणाली लिहिल्या जाऊ लागल्या, तेव्हा हा उघडेपणा व्यावसायिकांना खुपू लागला.

यावरचा उपाय म्हणून स्क्रिप्ट वितरणासाठी बांधण्यापूर्वी तिचे रूप बदलले जाते. हे रूपांतर दोन अगदी वेगळ्या हेतूंनी होते आणि त्या दोहोंची गल्लत वारंवार केली जाते.

पहिला हेतू आकार कमी करण्याचा. याला 'मिनिफिकेशन' म्हणतात. टिपा गाळल्या जातात, मोकळ्या जागा व ओळी काढल्या जातात, कधीच न वापरला जाणारा भाग वगळला जातो आणि लांबलचक नावांच्या जागी एकाक्षरी नावे येतात. 'निव्वळ = वजन × भाव − हमाली − तोलाई' हे विधान 'क=ख×ग−घ−च' असे होते. (चलांना देवनागरी नावे देण्याची मुभा जावास्क्रिप्टमध्ये खरोखरच आहे, ती फारसे कोणी वापरत नाही, एवढेच.) डग्लस क्रॉकफोर्ड यांच्या 'जेएसमिन'ने ही पद्धत रूढ केली, २००९ मध्ये गुगलने 'क्लोजर कंपायलर' खुला केला आणि नंतर 'अग्लिफाय' व 'टर्सर' ही साधने सर्वत्र पसरली. पान लवकर उघडावे, डेटा कमी खर्च व्हावा, यासाठी हे रूपांतर केले जाते. त्यात लपवाछपवी नसते. अशी स्क्रिप्ट वाचायला कष्ट पडतात, पण तिचा सांगाडा जागच्या जागी असतो.

दुसरा हेतू वाचकाला अडवण्याचा. याचे इंग्रजी नाव 'ऑबफस्केशन'. मराठीत त्याला दुर्बोधीकरण म्हणता येईल. येथे आकार घटत नाही, उलट अनेकदा कित्येक पटींनी वाढतो. आज्ञावलीतील सर्व शब्द व वाक्ये उपटून एका तक्त्यात टाकली जातात, तो तक्ता सांकेतिक रूपात ठेवला जातो आणि मूळ जागी केवळ तक्त्यातील क्रमांक उरतो. 'हमाली' हा शब्द शोधणाऱ्याला तो कोठेही सापडत नाही. मग क्रमावर घाला पडतो. आधी वजन घे, मग भावाने गुण, मग वजावट कर, हा सरळ प्रवाह तोडून त्याचे तुकडे एका मोठ्या चक्रात टाकतात आणि पुढचा तुकडा कोणता, हे प्रत्येक फेरीत एखादी संख्या ठरवते. याला प्रवाहाचे सपाटीकरण म्हणतात आणि या सर्व युक्त्यांमध्ये वाचणाऱ्याला सर्वाधिक थकवणारी हीच. त्यात कधीही न चालणाऱ्या खोट्या शाखा मिसळतात. काही साधने याच्याही पुढे जाऊन कोणी डिबगर लावल्यास आज्ञावली बंद पाडण्याची सोय करतात. पीएचपीसाठी 'आयनक्यूब'सारखी साधने वेगळा मार्ग घेतात. ती मूळ मजकूर बाइटकोडमध्ये बदलून सांकेतिक करतात आणि तो चालवण्यासाठी सर्व्हरवर स्वतंत्र लोडर बसवावा लागतो.

नाशिकरोडला १९२५ पासून प्रतिभूती मुद्रणालय आणि १९२८ पासून चलनी नोटांचे मुद्रणालय चालते. नोटेवरील गुंतागुंतीच्या रेषा, जलचिन्ह आणि सुरक्षाधागा सर्वांच्या डोळ्यांसमोर असतात. त्यांचे काम नक्कल महाग करणे हे. दुर्बोधीकरणही खर्चच वाढवते, पण वेगळ्या गोष्टीचा. झाकलेल्या आज्ञावलीची जशीच्या तशी नक्कल एका क्षणात होते. महाग होते ते तिचे आकलन. ज्या विक्रेत्याला चोरट्या प्रतींची भीती आहे, त्याला म्हणूनच दुर्बोधीकरणाचा उपयोग थोडा, आणि ज्याला आपली गणनपद्धती प्रतिस्पर्ध्याने उचलण्याची भीती आहे, त्याला अधिक. परवाना तपासणारा भाग शोधून काढणे अवघड करणे, एवढाच काय तो पहिल्याचा लाभ.

रूपांतराचा क्रम चुकला की उपायच अपाय होतो. नावे बदलणारे साधन संपूर्ण प्रकल्प एकदम पाहत नसेल, तर एका फाइलमध्ये 'क' झालेले कार्य दुसरी फाइल जुन्या नावाने हाक मारत बसते. नाव मजकूर म्हणून लिहून कार्य बोलावण्याची सवय असलेल्या आज्ञावल्या हमखास मोडतात. म्हणून चाचणी मूळ स्क्रिप्टची नव्हे, तर रूपांतरानंतर बांधलेल्या संचाची घ्यावी लागते. ग्राहकाकडून येणारी त्रुटीची सूचनाही निरर्थक अक्षरांत येते; ती मूळ ओळीशी जुळवायला 'सोर्स मॅप' नावाची फाइल लागते. या फाइलमध्ये झाकलेल्या प्रत्येक नावाचा मूळ पत्ता असतो आणि बहुधा संपूर्ण मूळ मजकूरही असतो. ती स्वतःच्या दप्तरी ठेवायची असते. घाईत बांधलेल्या संचाबरोबर तीच बाहेर गेली, तर आधीची सारी मेहनत पाण्यात जाते. आणि हे अनुभवी मंडळींच्या हातूनही घडते.

त्याहून गंभीर चूक म्हणजे डेटाबेसचा परवलीचा शब्द किंवा सशुल्क सेवेची किल्ली स्क्रिप्टमध्येच ठेवून ती दुर्बोध केल्यावर निश्चिंत होणे. जी किल्ली आज्ञावलीला चालताना मिळते, ती चालवणाऱ्यालाही मिळू शकते. पायथॉनच्या आज्ञावल्या बांधणाऱ्या 'पायइन्स्टॉलर'मध्ये बाइटकोड सांकेतिक करण्याची सोय होती. २०२३ च्या सहाव्या आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली, कारण कुलूप व किल्ली एकाच पेटीत पाठवली जात होती. खरोखर गुप्त ठेवायचे ते स्वतःच्या सर्व्हरवर ठेवावे आणि ग्राहकाकडे फक्त उत्तर पाठवावे, याहून भरवशाचा मार्ग नाही. इंटरनेट खंडित होणाऱ्या गावातील दुकानदाराला मात्र तो परवडत नाही, आणि तेथे विक्रेता पुन्हा दुर्बोधीकरणाकडे वळतो.

दुर्बोधीकरण अभेद्य होऊ शकते काय, याचे उत्तर गणिताने दिले आहे. २००१ मध्ये बोअझ बराक, अमित सहाई, सलील वधान आदी सात संशोधकांनी सिद्ध केले, की कोणतीही आज्ञावली पूर्णपणे बंद पेटीसारखी करून टाकणारे सार्वत्रिक साधन असूच शकत नाही. त्याच निबंधात त्यांनी एक सौम्य कल्पनाही मांडली. एकच काम करणाऱ्या दोन समान आकाराच्या आज्ञावल्यांची दुर्बोध रूपे परस्परांपासून ओळखू येऊ नयेत, एवढीच तिची अपेक्षा. २०१३ मध्ये तिची पहिली संभाव्य रचना पुढे आली आणि २०२० मध्ये आयुष जैन, हुइजिया लिन व सहाई यांनी ती सुस्थापित गृहीतकांवर उभी केली. हे सैद्धांतिक यश मोठे आहे. पण ती रचना इतकी जड आहे की बाजारातील साधनांशी तिचा संबंध नाही. बाजारातील साधने वेळकाढूपणा करतात. ते वेळही कमी होत चालले आहेत. झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांचे 'जेएसनाइस' हे साधन २०१४ मध्येच लाखो खुल्या आज्ञावल्यांच्या अभ्यासावरून 'क', 'ख'च्या जागी मूळ नावे कोणती असावीत याचा अंदाज बांधत होते. अलीकडची भाषाप्रारूपे ते काम आणखी सहज करतात.

विक्रेत्याच्या बाजूने हे झाले. ज्याच्या संगणकावर अशी स्क्रिप्ट येते, त्याला ते चित्र उलटे दिसते. चोर आणि सावकार दोघांनीही तोंड झाकले, तर पहारेकऱ्याने ओळखावे कसे? २०१८ मधील 'इव्हेंट-स्ट्रीम' प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. हे जावास्क्रिप्टचे एक छोटे, विनामूल्य उपयोगी पॅकेज. 'एनपीएम' या भांडारातून ते आठवड्याला लाखो वेळा उतरवले जात असे. मूळ कर्त्याने देखभालीचा कंटाळा आल्यावर ती मदतीला आलेल्या एका अनोळखी स्वयंसेवकाकडे सोपवली. त्याने त्यात 'फ्लॅटमॅप-स्ट्रीम' या दुसऱ्या पॅकेजची भर घातली. त्या पॅकेजचा उघड, वाचनीय मजकूर निर्दोष होता. घातक भाग होता तो केवळ भांडारात ठेवलेल्या संक्षिप्त आवृत्तीत, आणि तोही सांकेतिक रूपात. तो उलगडण्याची किल्ली म्हणजे 'कोपे' या बिटकॉइन पाकिटाच्या पॅकेजचे वर्णनवाक्य. परिणामी इतर कोणाच्याही संगणकावर तो निद्रिस्त राहिला आणि कोपेच्या बांधणीत मात्र जागा झाला. नोव्हेंबरमध्ये तो उघडकीस आला, तोही एका अनपेक्षित इशाऱ्यामुळे.

वाचायला दिलेली आज्ञावली आणि बांधून दिलेला संच यांतील ही फट २०२४ मध्ये पुन्हा वापरली गेली. लिनक्समधील 'एक्सझेड' या फाइल आकुंचित करणाऱ्या साधनात घुसवलेल्या चोरवाटेला जागे करणारा दुवा सार्वजनिक भांडारात नव्हता. तो फक्त वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होता. दूरस्थ प्रवेशाला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, या कुतूहलापोटी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तपास केला आणि मार्चअखेर ते कारस्थान उघडे पडले. अर्धा सेकंद दुर्लक्षित राहिला असता, तर काय झाले असते याची कल्पना न केलेलीच बरी.

वितरकांनी यातून कडक नियम केले. गुगलने १ ऑक्टोबर २०१८ रोजी क्रोम ब्राउझरच्या विस्तारांमध्ये दुर्बोध आज्ञावली निषिद्ध ठरवली. रोखल्या गेलेल्या घातक वा नियमभंग करणाऱ्या विस्तारांपैकी ७० टक्क्यांहून अधिक विस्तारांमध्ये दुर्बोध भाग आढळल्याचे कारण त्यावेळी देण्यात आले. मिनिफिकेशनला मात्र परवानगी कायम राहिली. वर सांगितलेला दोन हेतूंमधील भेद येथे नियम म्हणून उतरला. संकेतस्थळे सांभाळणाऱ्या कंपन्यांनाही हाच अनुभव रोज येतो. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत डेटा सेंटर चालवणाऱ्या 'ईएसडीएस'ने संकेतस्थळांतील त्रुटी व घातक संकेत शोधणारी 'व्हीटीएमस्कॅन' ही प्रणाली विकसित केली. पुण्याच्या 'क्विक हील'चा तर तो मूळ व्यवसायच. अशा प्रणालींना झाकलेली स्क्रिप्ट दिसली, की त्या संशय घेतात. प्रामाणिक विक्रेत्याची पट्टी-प्रणाली ग्राहकाच्या संगणकावर अँटिव्हायरसने अडवली, तर दोष अँटिव्हायरसला देऊन भागत नाही.

मराठी मुलखाला झाकून वाटलेल्या मजकुराचा एक जुना अनुभव आहे. गोदाकाठी संचार केलेल्या चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकात 'लीळाचरित्रा'त संकलित केल्या. मराठी गद्याचा हा आरंभीचा ठेवा. पुढे महानुभाव पंथाने आपले ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून 'सकळ'सारख्या सांकेतिक लिप्यांत उतरवले. एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर वा चिन्ह, असे तिचे स्वरूप. आजच्या नावे बदलणाऱ्या साधनांच्या जातकुळीतलेच हे तंत्र. पोथ्या टिकल्या, परंतु मराठी वाङ्मयाच्या सर्वसाधारण वाचकाला शतकानुशतके त्यांचा गंध नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीची किल्ली शोधली आणि मग हे साहित्य अभ्यासकांसमोर आले. किल्ली पंथाच्या परंपरेत जिवंत होती, म्हणून पोथ्यांचा अर्थ पंथात तरी शाबूत राहिला. बंद पडलेल्या सॉफ्टवेअर कंपनीच्या झाकलेल्या स्क्रिप्टला असा वारसा नसतो.

हाच धोका हिशेबपट्टीच्या उदाहरणात उतरवून पाहता येतो. जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने फळे व भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय केला. अशा वेळी पट्टीच्या सूत्रातील एक वजावट काढून ती दुसऱ्या बाजूला लावायची असते. मूळ आज्ञावलीत हे काम एका ओळीचे. परंतु ती झाकलेली आणि लिहिणारा व्यवसाय सोडून गेलेला असेल, तर व्यापाऱ्यापुढे संपूर्ण प्रणाली बदलण्यावाचून मार्ग उरत नाही. आणि वजावट खरोखर निघाली की नाही, हे तपासायला शेतकऱ्याकडे छापील आकड्यांखेरीज काही नसते. पट्टीवर प्रत्येक वजावट स्वतंत्र ओळीत छापली, तर सूत्र झाकलेले राहूनही हिशेब हाताने पडताळता येतो. हा साधा उपाय कोणत्याही संगणकीय युक्तीपेक्षा मोलाचा आहे.

नाशिकचे सुपुत्र व अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबचे प्राध्यापक रमेश रासकर यांच्या पुढाकाराने २०२० च्या मार्चमध्ये 'प्रायव्हेट किट : सेफ पाथ्स' हे करोना संपर्कशोधाचे अॅप पुढे आले. २०१५ च्या सिंहस्थासाठी नाशिकमध्ये झालेल्या 'कुंभथॉन'मुळे रासकर यांचे नाव येथे घरोघरी पोहोचले होते. माणसाच्या फिरण्याची नोंद ठेवणारी आज्ञावली कोणालाही वाचता आली पाहिजे, या भूमिकेतून त्यांच्या गटाने ती पहिल्यापासून खुली ठेवली. केंद्र शासनाचे 'आरोग्य सेतू' २ एप्रिल २०२० रोजी आले ते बंद आज्ञावलीचे. उलट अभियांत्रिकीस त्याच्या आरंभीच्या अटींमध्ये मज्जाव होता. कोट्यवधी नागरिकांच्या फोनमध्ये असलेले हे अॅप नेमके काय गोळा करते, यावर वाद झडले आणि २६ मे रोजी त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीचा सोर्स कोड प्रसिद्ध करण्यात आला. हिशेबाचे खासगी पॅकेज आणि शासनाचे आरोग्य अॅप यांना एकच मापदंड लावता येणार नाही. पण ज्याचा वापर ऐच्छिक नाही वा ज्यावर इतरांचा पैसा ठरतो, तेथे झाकण्याचा अधिकार आक्रसतो, हे मान्य करावे लागेल.

छोट्या व्यावसायिकासाठी मधला मार्ग 'एस्क्रो'चा. मूळ सोर्स कोड, बांधणीच्या सूचना व सोर्स मॅप त्रयस्थाकडे ठेवायचे आणि विक्रेत्याने व्यवसाय गुंडाळला किंवा ठरलेली देखभाल थांबवली, तर ते ग्राहकाला मिळावेत असा करार करायचा. प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर ठेव अद्ययावत झाली नाही, तर कराराला अर्थ राहत नाही. बहुतेक ठिकाणी नेमके तेच राहून जाते.

कायद्याचे संरक्षण दुर्बोधीकरणावर अवलंबून नाही, ही गोष्ट अनेक विक्रेत्यांना ठाऊक नसते. प्रताधिकार कायदा १९५७ चा. त्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणकीय आज्ञावलीचा समावेश साहित्यकृतीत झाला. स्क्रिप्ट उघडी असली, तरी तिची चोरी ती चोरीच. दुसऱ्या बाजूने, १९९९ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये वैध धारकाला काही मोकळीक दिली. आपली स्वतंत्र आज्ञावली त्या आज्ञावलीशी जोडण्यासाठी आवश्यक असलेली आणि अन्यत्र सहज न मिळणारी माहिती तो मिळवू शकतो. तिच्या कार्यामागील तत्त्वे जाणण्यासाठी तिचे निरीक्षण व परीक्षण करू शकतो. तांत्रिक संरक्षण भेदणे हा २०१२ पासून कलम ६५-अ खाली गुन्हा आहे, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच.

नोंदणी सक्तीची नाही. वादाच्या वेळी मात्र ती उपयोगी पडते. तिच्यासाठी २०१३ च्या नियमांनुसार सोर्स कोड सादर करावा लागे. मार्च २०२१ च्या दुरुस्तीनंतर पहिली किमान दहा व शेवटची किमान दहा पाने पुरतात. आज्ञावली वीस पानांहून लहान असेल, तर ती संपूर्ण द्यावी लागते. या पानांतील कोणताही भाग खोडलेला वा झाकलेला चालत नाही.